कडेचा हिशेब

१९८२ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा दुसरा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात मिनिटभर चालणारं एक दृश्य आहे. एका निर्जीव, खडकाळ ग्रहावर अस्त्र आदळतं, आगीची भिंत पसरत पसरत ग्रहाला वेढते आणि ती विझते तेव्हा तिथे डोंगर उभे राहिलेले असतात, समुद्र भरलेले असतात. हे काम लुकासफिल्मच्या संगणक विभागाचं. आगीचा कण न् कण विल्यम रीव्ह्ज यांच्या प्रोग्रॅममधून निघालेला होता आणि त्या कणांची पुढे भरपूर चर्चा झाली. पण त्या दृश्यात आग ग्रहाच्या पुढे आहे तशी मागेही आहे, ग्रह ताऱ्यांच्या पुढे आहे, आणि हे सगळं वेगवेगळं काढून नंतर एकावर एक ठेवलेलं आहे. प्रेक्षकाला ते जाणवत नाही, कारण कडा जुळलेल्या आहेत. ज्वाळेच्या कडेला, ग्रहाच्या कडेला नेमकं काय ठेवायचं, हा हिशेब काही माणसांनी त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत मांडला होता. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये तोच हिशेब सेकंदाला कोट्यवधी वेळा होतो.

चित्रावर चित्र चढवण्याची ओढ सिनेमाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस एकच फिल्म दोनदा, तीनदा कॅमेऱ्यातून फिरवत असे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' आणि 'कालिया मर्दन'मध्ये असल्याच छायाचित्रण-युक्त्यांनी प्रेक्षकांना थक्क केलं, आणि 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मधलं वैकुंठगमन पाहताना १९३६ सालच्या थिएटरात लोकांनी हात जोडले असतील तर त्यात नवल नाही. लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा चित्रण करायचं. जोवर पात्र मधली रेघ ओलांडत नाही तोवर हे छान जमतं.

रेघ ओलांडायची तर झाकण पात्राबरोबर हललं पाहिजे. हलणाऱ्या झाकणाचं, म्हणजे 'ट्रॅव्हलिंग मॅट'चं पेटंट फ्रँक विल्यम्स यांना १९१८ मध्ये मिळालं. पात्राच्या आकाराची काळी सावली दुसऱ्या फिल्मवर उतरवायची आणि ऑप्टिकल प्रिंटरमध्ये मूळ फिल्म, सावलीची फिल्म आणि पार्श्वभूमीची फिल्म एकमेकींवर बसवून नवी प्रत काढायची. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी निळ्या पडद्याचं तंत्र इतकं सुधारलं की 'बेन-हर'सारख्या चित्रपटातले केसांचे आणि धुराचे कठीण तपशीलही टिकू लागले. तरी या पद्धतीची मूळ अडचण तशीच राहिली: चित्र एका फिल्मवर आणि त्याचा आकार दुसऱ्या फिल्मवर. दोन्हींत केसाइतका फरक पडला की पात्राभोवती काळी किंवा निळी रेघ उमटे. शिवाय प्रत्येक नव्या प्रतीला फिल्मचे दाणे वाढत. दहा थर म्हणजे दहा वेळा प्रिंटरची वारी.

व्यंगपटांच्या स्टुडिओत दुसरा मार्ग होता. अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांचं पेटंट मागितलं, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरचे अ‍ॅनिमेटर त्याच तावांवर चित्रं काढत राहिले. पार्श्वभूमी खाली, त्यावर धड, त्यावर हात, त्यावर डोळे. ताव पारदर्शक म्हटला तरी पुरता पारदर्शक नसतो. प्रत्येक तावामुळे खालचा रंग थोडा मळकट होतो, म्हणून चार-पाच तावांपलीकडे सहसा कुणी जात नसे आणि खालच्या थरांसाठी तोच रंग मुद्दाम उजळ कालवून घ्यावा लागे. फिरवण्याचा प्रश्न याहून अवघड. कॅमेऱ्याखालचं टेबल फिरवलं की सगळेच थर फिरतात. एकच हात खांद्यापाशी फिरवायचा असेल तर तो प्रत्येक फ्रेमला नव्याने काढावा लागे.

या कष्टांना कंटाळलेला एक माणूस लाँग आयलंडवर राहत होता. अलेक्झांडर शूर हे न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संस्थापक. ते 'टबी द टुबा' हा व्यंगपट जुन्या पद्धतीने, हाताने करवून घेत होते आणि संगणक हे काम करेल अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. १९७४ मध्ये त्यांनी युटा विद्यापीठातून नुकतीच डॉक्टरेट घेतलेल्या एडविन कॅटमल यांना प्रयोगशाळेचं प्रमुखपद दिलं. पुढच्या वर्षी अ‍ॅल्वी रे स्मिथ आले. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांच्या 'सुपरपेंट'वर त्यांनी हात बसवलेला होता, आणि रंगीत चित्र यंत्राच्या स्मृतीत ठेवून त्यावर चितारता येतं हे त्यांनी तिथे अनुभवलं होतं.

अशी स्मृती म्हणजे फ्रेमबफर. इव्हान्स अँड सदरलँड या कंपनीकडून घेतलेल्या पहिल्या फ्रेमबफरसाठी शूर यांनी सुमारे ८०,००० डॉलर मोजले. त्यात ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल मावत, प्रत्येकाला ८ बिट. मग त्यांनी आणखी मागवले. तीन एकत्र जोडले की लाल, हिरवा, निळा असे प्रत्येकी ८ बिट मिळून पिक्सेलला २४ बिट होत, आणि पडद्यावर खरोखरचे सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख रंग शक्य होत. त्या काळात जगात असं दुसरीकडे जवळपास कुठेच नव्हतं. शूर यांच्या उदारपणाची आठवण त्या प्रयोगशाळेतली माणसं आजही काढतात, आणि ते रास्तच आहे. खर्च कशासाठी हे न विचारणारा धनी संशोधनाला क्वचित लाभतो.

१९७७ च्या सुमारास कॅटमल एका जुन्या प्रश्नात गुंतले होते. त्रिमितीय वस्तू काढताना पुढची वस्तू मागचीला झाकते. पण कडेवरचा पिक्सेल अर्धा पुढच्या वस्तूचा आणि अर्धा मागच्या जागेचा असतो. तो सबंध पुढच्या वस्तूला दिला तर कडेला पायऱ्या दिसतात. म्हणून त्यांचा प्रोग्रॅम त्या पिक्सेलचा किती भाग झाकला गेला ते मोजत होता आणि त्या प्रमाणात मागचा रंग मिसळत होता. हे गणित फार हळू चाले. आणि पार्श्वभूमी बदलायची म्हटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं, कारण मागचा रंग कडेत कायमचा मुरलेला असे.

त्यावर कॅटमल आणि स्मिथ यांच्या बोलण्यातून जे निघालं ते इतकं साधं आहे की आज त्याचा शोध लावावा लागला असेल यावर विश्वास बसत नाही. पार्श्वभूमी मिसळूच नये. पिक्सेल किती झाकला गेला तो आकडा लाल, हिरव्या, निळ्याच्या शेजारी चौथा म्हणून त्याच चित्रात ठेवावा. मिसळण्याच्या सूत्रात या प्रमाणासाठी अल्फा हे ग्रीक अक्षर वापरलेलं होतं, तेच नाव त्या चौथ्या आकड्याला चिकटलं. वरच्या चित्राचा अल्फा पट घ्यायचा, खालच्याचा एक वजा अल्फा पट घ्यायचा आणि बेरीज करायची. लगेचच कॅटमल यांनी चित्रं साठवणारे आणि परत आणणारे प्रोग्रॅम चार आकड्यांचे करून टाकले.

मला या निर्णयाचं मोठेपण त्याच्या किमतीवरून कळतं. ५१२ गुणिले ५१२ चित्राला चौथा आकडा जोडायचा म्हणजे २,६२,१४४ बाइट जास्त. त्या प्रयोगशाळेतल्या पीडीपी-११ संगणकावर एका प्रोग्रॅमला एका वेळी जेमतेम ६४ किलोबाइट दिसत. म्हणजे नुसता अल्फाच त्याच्या चौपट. आणि हा आकडा पडद्यावर दिसणारही नाही. तरीही त्यांनी तो ठेवला, आणि फिल्मच्या जगात साठ वर्षं वेगळा हिंडणारा मॅट चित्राच्या आत, पिक्सेलागणिक, येऊन बसला. आता चित्र जिथे जाईल तिथे त्याची कड त्याच्याबरोबर जाणार होती.

जाणार कुठे? सरकणार, लहान-मोठं होणार, फिरणार. इथे या गोष्टीचा दुसरा धागा येतो.

संगणकातलं चित्र फिरवायचं म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं नवं ठिकाण काढायचं. त्रिकोणमिती शाळेतली आहे, अडचण निराळी आहे. नवं ठिकाण कधीच पूर्णांकी येत नाही. दोन-चार पिक्सेलांच्या मध्ये कुठेतरी पडतं. शिवाय त्या काळी चित्र एका रेघेमागून दुसरी रेघ अशा क्रमाने साठवलेलं आणि वाचलं जाई. तिरक्या रेषेत पिक्सेल उचलायचे म्हणजे स्मृतीत आणि डिस्कवर सतत उड्या मारायच्या. १९८० मध्ये, एव्हाना लुकासफिल्ममध्ये गेलेल्या कॅटमल आणि स्मिथ यांनी यावर एक सुंदर तोड मांडली. चित्र आधी फक्त आडव्या रेघांमध्ये ताणायचं-दाबायचं, मग त्या निकालाला फक्त उभ्या रेघांमध्ये. दोन फेऱ्यांत चित्र फिरतं, आणि प्रत्येक फेरीत यंत्राला एका वेळी एकच रेघ हाताळावी लागते. यात एक खड्डा होता आणि तो त्यांना माहीत होता. कोन ९० अंशांकडे जाऊ लागला की पहिल्या फेरीत चित्र चेपत चेपत एका रेघेइतकं होतं आणि तपशील कायमचा जातो. म्हणून आधी चित्र सरळ ९० अंशांत वळवून घ्यायचं, ज्यात फक्त जागांची अदलाबदल असते, आणि उरलेला लहान कोन दोन फेऱ्यांत फिरवायचा.

१९८६ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या अ‍ॅलन पेथ यांनी याहून नीटस मार्ग मांडला. त्याच वर्षी जपानी संशोधकांनीही स्वतंत्रपणे तोच गाठला होता. पत्त्यांची थप्पी बाजूने ढकलली की प्रत्येक पत्ता खालच्यापेक्षा थोडा अधिक सरकतो, पण कुठलाच पत्ता लांब किंवा आखूड होत नाही. चित्राच्या रेघा अशाच सरकवायच्या: आधी आडव्या, मग उभ्या, मग पुन्हा आडव्या. या तीन सरकवण्यांची मापं बरोबर निवडली तर त्यांचं फळ म्हणजे निखळ फिरणं. चित्र ३० अंश फिरवायचं असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या वेळी मध्यापासून १०० पिक्सेल दूर असलेली रेघ सुमारे २६.८ पिक्सेल सरकते, मधल्या वेळी बरोबर ५०. कुठेच चेपणं नाही, म्हणून तो खड्डाही नाही.

पण २६.८ मधल्या त्या ०.८ चं काय करायचं? पिक्सेलचे दोन तुकडे करता येत नाहीत. मग त्याच्या रंगातला ०.८ वाटा एका शेजाऱ्याला, ०.२ वाटा दुसऱ्याला. म्हणजे एकाचा काही भाग आणि दुसऱ्याचा उरलेला भाग. अल्फाचं सूत्र ते हेच. चित्रं एकावर एक ठेवणं आणि चित्र फिरवणं ही कामं वरवर परकी वाटतात; पिक्सेलच्या पातळीवर दोन्हींत एकच बेरीज चालते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच, कारण पुढचा मोठा शोध याच जागी लागला.

तो समजण्यासाठी एक हिरवं पान घेऊ. पानाचा पिक्सेल पूर्ण हिरवा, अल्फा एक. शेजारचा पिक्सेल पूर्ण पारदर्शक, अल्फा शून्य. पण रंगाच्या तीन रकान्यांत काहीतरी आकडे असणारच, समजा पांढऱ्याचे. पान फिरवताना कडेवर या दोघांची सरासरी काढली जाते. रंगांची सरासरी फिकट, पांढुरकी हिरवी. अल्फाची सरासरी अर्धी. हे पान गडद पार्श्वभूमीवर ठेवलं की भोवती पांढुरकी किनार उमटते. जो पिक्सेल दिसायलाच नको होता त्याचा रंग मिश्रणात शिरला. ऑप्टिकल प्रिंटरमधली ती जुनी रेघ नव्या वाटेने परत आली.

लुकासफिल्ममधले टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मिनिआपोलिसच्या सिग्राफ परिषदेत वाचलेल्या निबंधात यावर इलाज आहे. रंग साठवतानाच तो अल्फाने गुणून ठेवायचा. पारदर्शक पिक्सेलचा रंग मग आपोआप शून्य होतो आणि तो कुठल्याही सरासरीत शिरला तरी काही बिघडवू शकत नाही. पान कितीही फिरवा, अर्ध्या अल्फाच्या कडेवर बरोबर अर्धा हिरवा उरतो. शिवाय चित्रावर चित्र ठेवण्याचं सूत्रही आखूड होतं: वरचं चित्र, अधिक खालच्याचा एक वजा अल्फा पट. चारही आकड्यांना हेच एक सूत्र, अल्फालासुद्धा.

या वाटेवर एक मुक्काम आधीच झाला होता आणि त्याचं श्रेय बऱ्याचदा निसटतं. कॉर्नेल विद्यापीठात ब्रूस वॉलेस आणि मार्क लेव्हॉय व्यंगपटांसाठी असंच काम करत होते. वॉलेस यांच्या १९८१ च्या निबंधाचा विषयच व्यंगपटांसाठी चित्रं एकत्र करणं आणि त्यांची जागा, आकार, कोन बदलणं हा होता. त्यांनी दाखवलं की दोन अर्धपारदर्शक थर एकत्र करून त्यांचा एक नवा थर करता येतो, ज्याला स्वतःचा रंग आणि स्वतःची पारदर्शकता असते. हात, बाही, धड आधी जोडा आणि मग पार्श्वभूमीवर ठेवा, किंवा धड आधी पार्श्वभूमीवर ठेवा आणि बाकीचं नंतर, निकाल तोच. थरांचा खालचा-वरचा क्रम बदलता येत नाही, पण कुठली जोडी आधी लावायची ते करणाऱ्याच्या मर्जीवर. सेल्युलॉइडच्या तावांना जे कधी जमलं नाही ते इथे जमलं: शंभर थर ठेवा, खालचा रंग मळत नाही. लेव्हॉय यांची यंत्रणा पुढे हॅना-बार्बेरा स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरात राहिली.

पोर्टर आणि डफ यांनी मात्र प्रश्न मुळापासून विचारला. दोन चित्रांचा एकच पिक्सेल घेतला तर त्यात चारच प्रकारच्या जागा असू शकतात: जिथे दोन्ही नाहीत, जिथे फक्त पहिलं आहे, जिथे फक्त दुसरं आहे, आणि जिथे दोन्ही आहेत. पहिल्या जागेत काही ठेवता येत नाही. दुसरीत पहिलं चित्र ठेवा किंवा रिकामं सोडा. तिसरीतही तसेच दोन पर्याय. चौथीत तीन. एक गुणिले दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे बारा. दोन चित्रं एकत्र करण्याच्या अशा मूळ रीती बाराच आहेत. एकावर दुसरं, एकाच्या आतपुरतं दुसरं, एकाच्या बाहेरपुरतं दुसरं, आणि असंच पुढे. याखेरीज नुसती बेरीज त्यांनी वेगळी धरली. 'स्टार ट्रेक'चं ते दृश्य त्यांनी या भाषेत एका ओळीत लिहून दाखवलं: पुढची आग, अधिक ग्रहाने झाकलेला भाग वगळून मागची आग, हे सगळं ०.८ पट काळवंडलेल्या ग्रहावर. आणि ते ताऱ्यांवर. आगीसाठी बेरीज, कारण ज्वाळा ज्वाळेला झाकत नाही, तिच्यात भर घालते. ज्या कामाला प्रिंटरवर बसलेल्या कारागिराचे दिवसच्या दिवस जात, ते काम एका ओळीत वाचता येऊ लागलं.

यात एक गृहीतक आहे आणि ते धाडसाचं आहे. अल्फा सांगतो की पिक्सेलचा अर्धा भाग झाकलाय. कुठला अर्धा, हे सांगत नाही. म्हणून दोन अर्धे एकमेकांवर पडले तर चौथाई भागात ते एकमेकांवर येतात असं धरलं जातं. सहसा ते चालून जातं. पण दोन आकार एकाच कडेला भिडून बसले असतील तर एक अर्धा आणि दुसरा अर्धा मिळून पूर्ण व्हायला हवा. सूत्र तीन-चतुर्थांश सांगतं आणि सांध्यातून पार्श्वभूमीची बारीक रेघ डोकावते. नकाशांच्या आणि अक्षरांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही रेघ आजही भेटते. एका आकड्यात यापेक्षा जास्त माहिती मावत नाही, आणि त्या दोघांनी ही मर्यादा निबंधातच उघड सांगितली होती.

यानंतर गोष्ट भराभर पसरली. कॅटमल, स्मिथ, पोर्टर यांचा गट १९८६ मध्ये लुकासफिल्मपासून वेगळा होऊन पिक्सार झाला. त्यांनी डिस्नेसाठी 'कॅप्स' ही यंत्रणा उभी केली. १९९० चा 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' संपूर्णपणे तिच्यावर झाला आणि स्टुडिओतले सेल्युलॉइडचे ताव कायमचे उठले. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले आणि वृत्तपत्रांच्या, जाहिरात संस्थांच्या टेबलांवर हा हिशेब रोजचा झाला. १९९६ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने कॅटमल, स्मिथ, पोर्टर आणि डफ या चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला. आज ब्राउझरच्या कॅनव्हासवर चित्रं एकत्र करणारा प्रोग्रॅमर ज्या रीतींची नावं लिहितो त्यांतल्या बऱ्याच त्या बारांमधल्याच आहेत, आणि अँड्रॉइडच्या लायब्ररीत तर 'पोर्टर-डफ' हे नावच कोरलेलं आहे.

त्या प्रोग्रॅमरला जुनी पथ्यंही पाळावी लागतात. चित्र शून्यबिंदूभोवती फिरतं, स्वतःभोवती नव्हे. म्हणून आधी त्याचा मध्य शून्यावर आणायचा, मग फिरवायचं, मग जागेवर न्यायचं. आणि फिरवलेलं चित्र पुन्हा फिरवायचं नाही. प्रत्येक फेरीत सरासरी निघते आणि चित्र पुसट होत जातं. मूळ चित्र राखून ठेवायचं, फक्त कोन बदलत जायचा.

१९९५ मध्ये वेबसाठी पीएनजी हा प्रकार घडवला गेला, गिफच्या पेटंटचा जाच टाळायला. त्याच्या फायली लहान होतात त्यात अ‍ॅलन पेथ यांच्याच एका दुसऱ्या युक्तीचा वाटा आहे: शेजारच्या तीन पिक्सेलांवरून पुढच्याचा अंदाज बांधण्याची. अल्फाही त्यात आहे. पण रंग अल्फाने गुणून ठेवायचा नाही असं त्या मंडळींनी ठरवलं. त्यांचं कारण खरं होतं: ८ बिटांत गुणाकार केला की फिकट भागातले रंगाचे बारीक फरक हरवतात, आणि पीएनजीला काहीही हरवायचं नव्हतं. माझ्या मते साठवणीसाठी तो निर्णय योग्यच होता. त्यामुळे चित्र वापरायला घेताना गुणाकार करण्याची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रॅमवर आली, आणि जिथे ती विसरली जाते तिथे फिरत्या पानाभोवती पांढरी किनार दिसते. म्हणून मोबाइल गेमसाठी चित्रं काढणारे कलाकार अजूनही पारदर्शक जागेत, कुणाला कधी दिसणार नाही अशा पिक्सेलांमध्ये, पानाचाच हिरवा रंग काठाबाहेरपर्यंत भरून ठेवतात.